अकरा ते एक वीज फुकट

मामंजींनी मोबाइल हातभर लांब धरला, मग नाकाजवळ आणला, मग चष्मा कपाळावर सरकवला आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले की धाकटी जाऊ पिठाच्या हातांनीच बाहेर धावली.

"फुकट! वीज फुकट! रविवारी अकरा ते एक, वाटेल तेवढी वापरा म्हणतायत!"

"मामंजी, कुणीतरी फसवायला पाठवलं असेल. लिंक दाबू नका हं."

"लिंक नाहीच त्यात. मेसेज वीज कंपनीचाच आहे. वाच, तूच वाच."

तिनं कोपरानं मोबाइल स्वतःकडे वळवून वाचलं. माझ्या मुलीनं वाचलं. आमच्या ह्यांनी वाचलं, आणि मग वीज कंपनीला फोन लावून, बराच वेळ तिकडचं संगीत ऐकून खात्रीही करून घेतली. खरंच होतं. रविवारी वारा भरपूर सुटणार होता, पवनचक्क्या जोरात फिरणार होत्या, कारखाने बंद असणार होते. एवढ्या विजेचं करायचं काय, म्हणून कंपनी ती घराघरांत वाटून टाकणार होती. त्या दोन तासांत मीटर कितीही पळालं तरी ते बिलात धरणार नव्हते.

"दोन तास!" मुलगी सोफ्यावर उभी राहिली. "आई, दोन तास!"

गेलं वर्षभर आमच्या घरात विजेचं नाव निघालं की कुणीतरी कपाळाला हात लावायचं. दर वाढले, पुन्हा वाढले, मग त्या वाढलेल्या दरावर आणखी कसला तरी आकार बसला. तेव्हापासून घराची सूत्रं मामंजींकडे गेली. मामंजी म्हणजे जन्मभर एका छापखान्याचे रखवालदार. संध्याकाळी यंत्रं थांबली की मागच्या खोलीपासून दारापर्यंत एकेक बटण बंद करत यायचं, आणि शेवटचं बटण बंद झालं की भिंतीवर तळव्यानं दोनदा थोपटायचं, थप थप, तान्ह्याला निजवल्यासारखं. नोकरी संपली, पण हात काही निवृत्त झाला नाही. घरात कुठे दिवा दिसला, पंखा दिसला की चालता चालता हात वर जायचा आणि बटण खाली. न्हाणीघरात माणूस आहे की नाही, हेही बघायचं भान नाही.

"आजोबा, मी आत आहे!"

"मग गाणं म्हणत जा. म्हणजे कळेल!"

तेव्हापासून आमच्याकडे आंघोळीला जो जाईल तो गातो. हे गायला लागले की शेजारी खिडकी लावून घेतात, पण निदान उजेडात आंघोळ होते.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण ओव्हनचं तसं नव्हतं.

ओव्हन धाकट्या जावेचा. बेकरीतली नोकरी सुटली तेव्हा साठवलेल्या पैशांतून तिनं तो घेतला. स्वयंपाकघरातल्या तारेला त्याचा भार सोसेना, म्हणून बोळातल्या भिंतीवर जाड तारेचं वेगळं बटण बसवून घेतलं, आणि लोण्याची बिस्किटं करून विकायला लागली. दीर मालाचा ट्रक चालवतात, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर असतात. बिस्किटांत तिचे हात आणि मन दोन्ही गुंतून राहायचं. पण दर वाढत गेले तसं बिस्किटं जे मिळवायची ते ओव्हनच खाऊन टाकायला लागला. शेवटी तिनं स्वतःच सांगितलं, ओव्हन विकून टाकू या. एका खानावळवाल्याशी बोलणंही झालं, तो येत्या गुरुवारी टेम्पो घेऊन येणार होता. सांगताना तिचा आवाज अगदी साधा होता. फक्त त्या दिवशी तिनं ओव्हनची काच पुन्हा पुन्हा पुसली.

एकच आशा होती. बस स्थानकाजवळ कॅफे चालवणाऱ्या बाईंनी मागे तिची बिस्किटं चाखली होती. चव आवडली, पण म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी मऊ पडतात हो. माझी बरणी तीन-चार दिवस चालते. मोडताना आवाज आला पाहिजे. तसा नमुना आणा, मग दर आठवड्याला घेईन आणि भावासाठी घासाघीस करणार नाही." त्या भावात वीज परवडली असती. पण नमुना जमवायचा म्हणजे चारदा भाजून बघायचं, आणि प्रत्येक वेळी मीटर पळणार. तिनं तो नादच सोडला होता.

आता ती पिठाचे हात तसेच हवेत धरून उभी होती.

"जाऊबाई," ती मला म्हणाली, "दोन तासांत तीन घाणे निघतील. निघतील ना?"

"निघतील," मी म्हटलं. "देवाच्या मनात असेल तर चौथाही निघेल."

शनिवारी संध्याकाळी घरात सभा भरली. कुणाला काय काय करायचं होतं! ह्यांना सगळ्या शर्टांना इस्त्री. मुलीला घरातले पडदे, चादरी, अभ्रे, सगळं मशीनला लावायचं. मामंजींना फक्त किटलीत पाणी उकळून सगळे थर्मास भरून ठेवायचे होते. अडचण एकच. ओव्हन आणि इस्त्री एकत्र चालतं, ओव्हन आणि मशीनही चालतं, पण तिन्ही एकदम लावली की मुख्य बटण खाली पडतं आणि सगळं घर बंद.

"मी सांगेन कुणी कधी लावायचं ते," मुलीनं जाहीर केलं. "माझ्या हुकमाशिवाय कुणी प्लगला हात लावायचा नाही. बाबा, तुम्ही तर नाहीच."

"आणि मामंजी," जावेनं हात जोडले, "उद्याचा दिवस काही बंद करायचं नाही हं."

"अगं, वेडा आहे का मी? उद्या फक्त चालू!" असं म्हणून त्यांनी सराव म्हणून बैठकीतला दिवा लावून दाखवला. तो तसाच ठेवून खुर्चीत बसले. त्याच्याकडे बघत राहिले. शेवटी उठले आणि बंद करून आले.

"उद्या आहे ना उद्या," ते म्हणाले. "आज कशाला?"

मी सकाळच्या आंघोळीपासून दुपारची प्रार्थना होईपर्यंत बोलत नाही. या नेमाला बरीच वर्षं झाली. घरच्यांना सवय आहे, आणि ह्यांचं म्हणणं, दिवसातले तेवढेच तास सुखाचे. रविवारी मी उठले तेव्हा खिडक्या थडथडत होत्या. बाहेर एक प्लास्टिकची बादली अंगणभर लोळत फिरत होती. वारा आमच्यासाठीच सुटला होता. मी देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि नेहमीचं मागणं मागून झाल्यावर ओव्हनचंही एक मागून घेतलं.

अकराच्या आधीच सगळे आपापल्या जागी उभे होते, शर्यतीला उभे राहतात तसे. मुलगी स्टुलावर, नजर घड्याळावर. जाऊ बोळात, ओव्हनच्या बटणावर बोट ठेवून.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं!" मुलगी नाकातून बोलायला लागली, बस स्थानकावरच्या बाईसारखी. "ओव्हन सुटत आहे. ओव्हनपाठोपाठ मशीन सुटेल. इस्त्रीच्या प्रवाशांनी गडबड करू नये. बाबा, खाली ठेवा ती!"

अकरा वाजले. ओव्हन घुमायला लागला. मशीननं पाणी ओढलं. किटली सुसाटली. वर राहणाऱ्या नर्सबाईंकडे काहीतरी घरघरायला लागलं, खालच्या मजल्यावर गाणी लागली. सगळी इमारतच जागी होऊन कामाला लागली. महिनोन्‌महिने आम्ही पावलं न वाजवता चालावं तसे विजेला भिऊन वागत होतो, आणि आता घरभर दिवे! भर दुपारी! मुलगी मधेच खाली उतरून माझ्याभोवती गिरकी घेऊन गेली.

पहिला घाणा निघाला. सोनेरी, घमघमीत. जावेनं एक मोडलं, कान लावला. आवाज आला.

"ताजं आहे तोवर येतोच गं," ती स्वतःशीच म्हणाली. "उद्या बोल." तिनं तो डब्यात भरला आणि दुसरा घाणा आत सरकवला.

मशीन थांबलं, इस्त्री आली. इस्त्री थांबली, मशीन आलं. मी चादरी पिळायला, घड्या घालायला, ट्रे पुसायला, सगळीकडे होते. मामंजी थर्मास भरून या खोलीतून त्या खोलीत मिरवत होते. "घ्या, चहा घ्या, फुकटचा घ्या! नर्सबाईंना विचारा, थर्मास आहे का रिकामा!" दुसरा घाणा पहिल्यासारखाच निघाला, आणि तोही त्याच डब्यांत गेला. मग तिसरा आत गेला. या घाण्यात तिनं सगळं उरलेलं लोणी घातलं होतं.

"डबे कमी पडणार," जाऊ म्हणाली. "मी वरून नर्सबाईंचे दोन घेऊन येते. कुणी दार उघडू नका ओव्हनचं. जाऊबाई, लक्ष असू द्या."

मी मान डोलावली. ती जिन्यावरून धावत वर गेली.

मी ह्यांच्याबरोबर एक जाड पडदा पिळत होते. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. मुलगी एकदम टाळ्या पिटायला लागली.

"बाबा! आई! बघा, चुकून तिन्ही लावली मी. ओव्हन, मशीन, इस्त्री. आणि चालतंय! काही पडलं नाही! आपण उगीच घाबरत होतो!"

"म्हटलं होतं ना मी," हे म्हणाले. त्यांनी असं काहीही म्हटलेलं नव्हतं.

सगळे ओरडत होते. मी तेवढी गप्प होते, म्हणून मला ऐकू आलं. ऐकू आलं म्हणजे, यायचं थांबलेलं जाणवलं. मशीन गरगरत होतं, किटली सुसाटत होती, पण त्या सगळ्याच्या तळाशी ओव्हनचा जो घुमारा होता तो नव्हता. आणि मग मागचं आठवलं. थोड्या वेळापूर्वी, पडद्याचं पाणी गळत असताना, बोळातून आवाज आला होता. थप थप.

मी पडदा सोडला. ह्यांनी आपलं टोक ओढून धरलं होतं, ते त्या टोकासकट थेट मागच्या टोपलीत बसले.

बोळात गेले. बटण खाली. ओव्हनच्या काचेआड अंधार.

मी बटणाला बोट लावलं आणि थांबले. मशीन आणि इस्त्री दोन्ही चालू होती. हे लावलं तर घरच बंद पडेल. आधी इस्त्री थांबवायला हवी. मी धावत बाहेर आले, ह्यांना खूण केली, हात उचलून, खाली, उचलून, खाली.

"काय? टेबलक्लॉथ? त्यालाही इस्त्री?"

मी मान हलवली. प्लगकडे बोट दाखवलं.

"तो पडदा? ओला आहे तो, अगं."

देवा, असा नवरा तूच दिलास. मी स्वतःच प्लग उपटायला वाकले, तेवढ्यात जाऊ दोन्ही काखांत डबे घेऊन खाली आली आणि थेट ओव्हनकडे गेली.

"कुणी बंद केला?"

तिनं ते ओरडून विचारलं नाही. त्यामुळेच सगळे धावत आले.

"कुणी बंद केला हो? निम्माच झाला असेल घाणा. लोणी संपलं सगळं!"

"कोण गाढव आहे तो?" मामंजी गरजले. थर्मास काखेत, छाती पुढे. "आजच्या दिवशी बटणाला हात लावतो? समोर या! मी काय सांगितलं होतं? फक्त चालू!"

"मी नाही," मुलगी म्हणाली. "मी तर लावतच होते."

"मी टोपलीत होतो," हे म्हणाले.

"सूनबाई," मामंजी माझ्याकडे वळले, "तू इथेच होतीस. बोलू नकोस, तुझा नेम मोडू नकोस. नुसतं बोट दाखव. कोण ते?"

बोट दाखवायला नेमाची आडकाठी नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलं. पांढऱ्या भुवया उभारून, न्याय करायला उभे होते. मला बोट तिकडे वळवता येईना. मग मी ते सरळ वर केलं. ज्यानं हे सगळं चालवलंय तो जाणे, एवढंच मला म्हणायचं होतं.

सगळ्यांनी छताकडे बघितलं.

"नर्सबाई?" हे म्हणाले.

"काहीतरीच! त्या माझ्यासमोर डबे पुसत होत्या," जाऊ म्हणाली.

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळानं एकाचा ठोका दिला.

सगळं विसरून मामंजींच्या अंगात वीज सळसळली. आता पुन्हा मीटर मोजणार! ते मागच्या खोलीपासून निघाले. दिवा. पंखा. किटली. इस्त्रीचा प्लग. मशीन. एकेक बटण खाली पाडत, छापखान्यातल्या चालीनं ते बोळाच्या टोकाशी आले. शेवटचं बटण ओव्हनचं. ते आधीच बंद होतं, पण हाताला ते कळलं नाही. हात वर गेला, बटण चाचपलं आणि भिंतीवर दोनदा थोपटलं.

थप थप.

आणि हात तिथेच राहिला. मामंजी भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"मघाशी," ते हळूच म्हणाले, "नर्सबाईंचा थर्मास आणायला मी इथूनच गेलो."

त्यांनी वळून तो हात सगळ्यांसमोर धरला, चोर पकडून आणावा तसा.

"हाच तो गाढव. धाकट्या सूनबाई, पुन्हा लाव. आत्ता लाव. बिल येईल ते माझ्या पेन्शनमधून."

"लोणी संपलं, मामंजी," ती म्हणाली. रिकामा डबा उपडा घालून ती त्यावर बसली. "राहू द्या. गुरुवारी तो माणूस येणारच आहे."

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मामंजी आत जाऊन पलंगावर बसले. ट्रे तसेच ओव्हनमध्ये राहिले. दार उघडून बघायचं धाडस कुणाला होईना.

दुपारची जेवणं कशीबशी उरकली. मी प्रार्थनेला बसले, पण मन सारखं त्या बंद दाराकडे. उठले ती थेट जावेकडे गेले आणि दिवसातलं पहिलं वाक्य बोलले.

"अगं, उघडून तरी बघ. कच्ची असतील तर आपण खाऊ. दुधात बुडवून काहीही खपतं."

तिनं दार उघडलं. आत अजून कोमट होतं. बिस्किटं होती तशीच, जरा जास्तच तांबूस, बोटाला अगदी कोरडी. तिनं एक उचललं आणि मोडलं.

कट्.

तो आवाज एवढा लख्ख आला की आतून मामंजींनी विचारलं, "काय पडलं?"

जावेनं माझ्याकडे बघितलं, मग ट्रेकडे. दुसरं मोडलं. कट्. तिसरं. कट्.

"अगं, सगळी मोडतेस काय?" मी म्हटलं.

"जाऊबाई, ही भाजून झाल्यावर त्याच धगीत बसून वाळली. मी इतके दिवस शेवटपर्यंत ओव्हन पेटता ठेवत होते आणि लगेच बाहेर काढत होते. आतली ओल आतच राहायची." तिचा श्वास लागला होता. "पण आत्ता नको काही बोलायला. तीन दिवस जाऊ देत."

हा घाणा तिनं नर्सबाईंच्या डब्यांत वेगळा भरला. ते तीन दिवस कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. मामंजी डब्याजवळून जाताना कान पुढे करून जायचे, जसा काही आतून आवाज येणार होता. मुलीनं डब्यावर पहारा बसवला आणि पहाऱ्यावर स्वतःच बसून दोन बिस्किटं कमी केली.

बुधवारी सकाळी जावेनं आपले आणि नर्सबाईंचे, दोन्हीकडचे डबे उघडले. आधीच्या घाण्यांतलं बिस्किट मोडायलाच तयार नव्हतं, वाकलं. मग नर्सबाईंच्या डब्यातलं घेतलं.

कट्!

मुलगी किंचाळली. मामंजींनी आजूबाजूला बघून कुणी बघत नाही अशा बेतानं डोळे पुसले. सगळे बघत होते.

जावेला एकटीनं कॅफेत जायचा धीर होईना, म्हणून मी बरोबर गेले. पण सकाळची वेळ, माझं तोंड बंद. कॅफेवाल्या बाईंनी डबा घेतला, मला विचारलं, "तुम्ही सांगा, तुम्हाला कशी वाटतात?" मी नुसती हसले. त्यांना वाटलं असेल, हिलाही आवडलेली दिसत नाहीत. जावेच्या कपाळावर घाम आला. आता बिस्किटानंच बोलायचं होतं.

बाईंनी एक बिस्किट कानाशी धरलं आणि मोडलं. खिडकीजवळ पेपर वाचणाऱ्या माणसानं मान वर केली.

"कधी भाजली?"

"रविवारी."

बाईंनी आणखी एक मोडलं, खाल्लं, आणि काउंटरवरची मोठी काचेची बरणी रिकामी करून पुसायला घेतली.

"दर सोमवारी आणा. ही भरेल एवढी. हे जमवलंत कसं?"

"आमच्या मामंजींची कृपा," जाऊ म्हणाली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मी तिचा हात दाबला. परत येताना ती जवळजवळ धावत होती, आणि मी चप्पल सांभाळत मागून.

गुरुवारी टेम्पो आला तेव्हा दारात मामंजीच उभे होते. "ओव्हन? कसला ओव्हन? तो कामावर आहे," एवढं सांगून त्यांनी त्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं. थर्मासमधला.

आता दर रविवारी सकाळी बिस्किटं भाजतात. वीज फुकट नसते, मीटर आपलं मोजत असतं, पण प्रत्येक घाण्याला शेवटचा बराच वेळ ओव्हन बंदच असतो आणि काम धगीवर होतं. मामंजी दाढी करून, धुतलेला सदरा घालून आधीपासून बोळात उभे राहतात. दुसऱ्या कुणी त्या बटणाला हात लावायचा नाही. जाऊ काचेतून बघत असते. मुलगी श्वास धरून असते. माझं मौन असतं, म्हणून मी घुमारा ऐकत उभी असते.

"मामंजी," जाऊ म्हणते, "आता!"

बटण खाली. थप थप. घुमारा विरत जातो आणि घरात लोण्याचा वास दाटत जातो.

परवा या आनंदात मामंजी तसेच पुढे निघाले. न्हाणीघरात हे अंगाला साबण लावून मोठमोठ्यानं गात होते. मामंजींनी जाता जाता तिथलाही दिवा मालवला, भिंतीवर दोनदा थोपटलं आणि चहाला जाऊन बसले. आतून हे मला हाका मारत होते. आणि मला तर बोलायचं नव्हतं.